एका अवतरणचिन्हाचा इतिहास

२५ डिसेंबर १९९८. ‘फ्रॅक’ या हॅकर मंडळींच्या ई-नियतकालिकाचा ५४ वा अंक प्रसिद्ध झाला. त्यात ‘रेन फॉरेस्ट पपी’ या टोपणनावाच्या लेखकाने दाखवून दिले की, संकेतस्थळावरील साध्या चौकटीत माहितीऐवजी आज्ञा लिहिली, तर मागचा डेटाबेस ती निमूटपणे पाळतो. मायक्रोसॉफ्टने ही अडचणच मानली नाही, असेही त्याने नोंदवून ठेवले. पुढे या युक्तीला ‘एसक्यूएल इंजेक्शन’ असे नाव पडले. आजचा थ्रेड तिच्याविषयी, आणि तिच्याही आधी जन्मलेल्या तिच्या उताऱ्याविषयी.

एसक्यूएलमध्ये मजकूर एकेरी अवतरणचिन्हांत लिहावा लागतो. प्रोग्रॅमर आज्ञेचा पूर्वार्ध लिही, मध्ये वापरकर्त्याने भरलेले नाव जोडी आणि शेवटी अवतरण मिटवी. आता ओ'ब्रायन नावाचा आयरिश गृहस्थ आला तर? त्याच्या नावातील चिन्हापाशीच मजकूर संपला असे डेटाबेस समजतो आणि उरलेले ‘ब्रायन’ आज्ञा म्हणून वाचू पाहतो. बिचाऱ्याची नोंद होत नाही, एवढेच. पण त्याच जागी कोणी विचारपूर्वक पुढचे वाक्य रचले, तर सारा तक्ता वाचता येतो, प्रसंगी पुसताही येतो. आपल्याकडे पावतीवर ‘अक्षरी रुपये पाचशे मात्र’ लिहितात, ते पुढे कोणी शब्द वाढवू नये म्हणून. येथे तो ‘मात्र’ भरणाऱ्याच्याच हाती गेला होता.

उतारा मात्र जुना. १९७४ मध्ये आयबीएमच्या चेंबरलिन व बॉइस यांनी ही भाषा मांडली. त्यानंतरच्या ‘सिस्टिम आर’ प्रकल्पातच कोबोल किंवा पीएल/वन प्रोग्रॅममधील मूल्य आज्ञेत न मिसळता, वेगळ्या चलातून देण्याची सोय होती. १९९७ च्या जावामध्येही ‘प्रिपेअर्ड स्टेटमेंट’ होते. आज्ञा आधी जाते, मूल्याच्या जागी केवळ प्रश्नचिन्ह. डेटाबेस तिचा अर्थ निश्चित करतो. मग मूल्य स्वतंत्रपणे पोचते. तोवर व्याकरण बंद झालेले असते. मूल्यात काहीही असो, ते मजकूरच राहते. (तक्त्याचे किंवा स्तंभाचे नाव असे देता येत नाही, ते ठरावीक यादीतूनच निवडावे लागते.)

मग घोडे अडले कोठे? माझ्या मते, स्वस्त वेबच्या दारात. असंख्य छोटी संकेतस्थळे पीएचपी आणि मायएसक्यूएल यांवर उभी राहिली, आणि मायएसक्यूएलमध्ये ही सोय आली ती थेट २००४ च्या ४.१ आवृत्तीत. तोवर डागडुजी चालली. ‘मॅजिक कोट्स’ नावाची व्यवस्था येणाऱ्या प्रत्येक अवतरणचिन्हाआधी उलटी तिरकी रेघ आपणहून घाले. त्यामुळे पानांवर ओ\'ब्रायन अशी विद्रूप नावे झळकू लागली. २०१२ मध्ये पीएचपी ५.४ ने ती काढूनच टाकली.

रेघेचा भरवसा लिपीनेही मोडला. चिनी भाषेच्या जीबीके संकेतपद्धतीत बहुतेक अक्षरे दोन बाइटांची असतात, आणि दुसरा बाइट नेमका त्या रेघेचाच असू शकतो. हल्लेखोर अर्धे अक्षर आणि अवतरणचिन्ह पाठवी. रक्षणासाठी घातलेली रेघ त्या अर्ध्याला जुळून पूर्ण अक्षर होई, आणि अवतरणचिन्ह मोकळे सुटे! पहारेकऱ्यानेच दार उघडून द्यावे, तसे.

ऑक्टोबर २०१५. ब्रिटनच्या टॉकटॉक या दूरसंचार कंपनीतून १,५६,९५९ ग्राहकांची माहिती याच मार्गाने गेली. १५,६५६ जणांचे बँक खात्यांचे तपशीलही. सतरा वर्षांच्या एका मुलाने पुढे न्यायालयात आपला सहभाग कबूल केला. वर्षभराने माहिती आयुक्तांच्या कार्यालयाने कंपनीला ४,००,००० पौंड दंड केला. ज्या पानांतून शिरकाव झाला, ती २००९ मध्ये टिस्कालीचा ब्रिटिश व्यवसाय विकत घेताना वारशाने आलेली होती. ती अद्याप चालू आहेत, हेच कंपनीला ठाऊक नव्हते.