अक्षरनिवड आणि उच्चारवाचन : मेंदू-संगणक दुव्याचे विवेचन

ज्या व्यवस्थेत मेंदूतील विद्युत्-क्रिया मोजली जाते आणि स्नायूंच्या मध्यस्थीवाचून तिचे आज्ञेत रूपांतर होते, तिला मेंदू-संगणक दुवा म्हणावे. पापणीच्या हालचालीवर चालणारे साधन या व्याख्येबाहेर राहते, कारण तेथे स्नायू शिल्लक असतो. हा भेद पुढे निर्णायक ठरेल.

मापनस्थानावरून दुवा द्विविध आहे : (१) बाह्य, म्हणजे डोक्याच्या त्वचेवर इलेक्ट्रोड ठेवून केलेला, (२) अंतःस्थ, म्हणजे शस्त्रक्रियेने मेंदूवर वा मेंदूत इलेक्ट्रोड बसवून केलेला. कार्यावरूनही तो द्विविध आहे : (अ) मांडलेल्या चिन्हांतून निवड, (आ) उच्चाराच्या प्रयत्नाचे वाचन.

निवडीची प्रसिद्ध रीत फार्वेल व डोंचिन यांनी १९८८ मध्ये मांडली. सहा ओळी व सहा रकाने यांत ३६ चिन्हे असतात. ओळी व रकाने अनियत क्रमाने उजळतात. अपेक्षित चिन्ह उजळल्यावर सुमारे ३०० मिलिसेकंदांनी मेंदूत धन-लहर उमटते. लहर उमटवणारी ओळ आणि रकाना जेथे छेदतात, तेथे इष्ट चिन्ह. त्या प्रयोगात वेग मिनिटाला सुमारे २.३ चिन्हे होता.

ही सारणी रोमन लिपीसाठी होती. देवनागरीत काय होते हे पाहण्यासाठी जामखेड तालुक्यातील 'खर्डा' हे गावाचे नाव घ्या. डोळ्यांना अक्षरे दोन दिसतात. निवडी मात्र पाच लागतात : ख, र, हलन्तचिन्ह, ड आणि काना. वरील वेगाने दोन मिनिटांहून अधिक वेळ जाईल. रायपूरच्या राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्थेतील चौरसिया, लोंढे व घोष यांनी देवनागरीसाठी ८ × ८ म्हणजे ६४ चिन्हांची सारणी योजली. अशा सारणीत एका फेरीला १२ ऐवजी १६ वेळा उजळावे लागते. म्हणजे लिपीचा भार दोनदा पडतो : निवडींच्या संख्येवर आणि प्रत्येक निवडीच्या कालावर.

उच्चारवाचनात हा भार नाही. येथे ओठ, जीभ व स्वरयंत्र हलवण्याचा प्रयत्न मेंदूच्या प्रेरक (हालचाली घडवणाऱ्या) क्षेत्रात टिपतात, त्यातून ध्वनी ओळखतात आणि भाषेच्या सांख्यिकीय प्रतिमानाने शब्द ठरवतात. २०२४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेने एएलएस या स्नायू निकामी करणाऱ्या चेताविकाराने ग्रस्त व्यक्तीत २५६ इलेक्ट्रोड वापरून, १,२५,००० शब्दांच्या संग्रहासह ९७.५ टक्के अचूकता व मिनिटाला सुमारे ३२ शब्दांचा वेग नोंदवला. हे आकडे इंग्रजीचे आहेत, आणि ते तसेच मराठीला लावणे अयुक्त होय. मराठी लेखन उच्चाराला अधिक जवळचे, त्यामुळे ध्वनीपासून लिपीपर्यंतचा टप्पा सुकर होतो. परंतु (१) त-ट, क-ख, द-ध हे भेद शब्दाचा अर्थ पालटतात, म्हणून ते संकेतांतून वेगळे काढावेच लागतील. (२) 'घर'पासून घरात, घरातून, घरातल्यांना अशी रूपे होत जातात, म्हणून तेवढ्याच शब्दसंग्रहात मराठी कमी मावते. प्रतिमान शब्दांचे नव्हे, प्रकृती-प्रत्ययांचे घडवावे लागेल. इलेक्ट्रोड आयात करता येतील. हे काम आयात होणार नाही.

आता प्रयोज्यता. वाचा गेली, पण पापणी ताब्यात आहे अशा खर्ड्यातील एखाद्या रुग्णाला दुव्याची आवश्यकता सिद्ध होत नाही. २५ स्पर्श व्यंजने पाच वर्गांत आधीच विभागलेली आहेत. घरच्या माणसाने प्रथम वर्ग, मग त्यातील व्यंजन, मग बाराखडीतील स्वर म्हणत जावे. इष्टस्थानी रुग्णाने पापणी मिटावी. यास पुठ्ठ्याचा तक्ता आणि बसण्याची तयारी पुरते. उरलेली व्यंजने व जोडाक्षरे यांसाठी जादा ओळ आखावी.

दुव्याचे खरे क्षेत्र पापणीही थांबते तेथे सुरू होते, आणि तेथे दृष्टी स्थिर करता येत नसल्याने उजळणारी सारणीही निरुपयोगी ठरते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अशा रुग्णाच्या मेंदूत इलेक्ट्रोड बसवले होते. मेंदूतील क्रियेनुसार यंत्राचा स्वर चढे वा उतरे. स्वर चढवून 'होय', उतरवून 'नाही' सांगण्यास रुग्ण शिकला आणि ऐकवलेल्या अक्षरसमूहांतून वाक्ये जुळवू लागला. वेग मिनिटाला सुमारे एक अक्षर होता.