एक सफरचंद, दोन मालक

दोन कंपन्यांचे नाव एकच आणि बोधचिन्हही जवळजवळ सारखेच असेल, तर त्या नावावर हक्क कोणाचा? व्यापारचिन्हांच्या कायद्याने या प्रश्नाचे उत्तर धंद्याच्या कुंपणात शोधले आहे. केवळ शब्द म्हणून नाव कोणाच्या मालकीचे नसते. ते ज्या मालाशी वा सेवेशी जोडले गेले असेल, तेवढ्यापुरता हक्क मिळतो. नोंदणीसाठी मालाचे ३४ आणि सेवांचे ११ असे एकूण ४५ वर्ग जगभर मानले जातात. भारतातही १९९९ च्या कायद्यान्वये (अंमल १५ सप्टेंबर २००३ पासून) नोंदणी याच वर्गवारीने होते. सुप्रसिद्ध चिन्हांचा अपवाद सोडल्यास, एकाच नावाची साबणाची कंपनी आणि सायकलींची कंपनी सुखाने शेजारी नांदू शकतात. मात्र तंत्रज्ञानाने कुंपणच मोडून टाकले तर काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे ‘अ‍ॅपल’ विरुद्ध ‘अ‍ॅपल’ हा खटला. तो थांबत-थांबत जवळजवळ तीस वर्षे चालला.

यातील थोरले ‘अ‍ॅपल’ बीटल्सचे. या चौघा गायक-वादकांनी १९६८ साली लंडनमध्ये ‘अ‍ॅपल कोअर’ ही कंपनी काढली. पॉल मॅकार्टनी यांच्या संग्रहातील रेने माग्रित यांच्या चित्रावरून हिरवे सफरचंद हे तिचे चिन्ह ठरले. ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूच्या लेबलवर अखंड फळ आणि दुसऱ्या बाजूला त्याच फळाची कापलेली फोड, ही त्यांची खूण ज्यांनी तबकड्या हाताळल्या आहेत त्यांच्या डोळ्यांसमोर आजही असेल. धाकटे ‘अ‍ॅपल’ १ एप्रिल १९७६ रोजी कॅलिफोर्नियात जन्मले. स्टीव्ह जॉब्ज, स्टीव्ह वॉझ्नियाक आणि रोनाल्ड वेन या तिघांनी स्थापलेल्या या संगणक कंपनीचे पहिले चिन्ह झाडाखाली बसलेला न्यूटन हे होते; १९७७ मध्ये रॉब जॅनॉफ यांनी एक घास खाल्लेले, इंद्रधनुषी पट्ट्यांचे सफरचंद रेखाटले.

बीटल्सच्या कंपनीने १९७८ मध्ये दावा लावला आणि १९८१ मध्ये तडजोड झाली. संगणकवाल्यांनी ८० हजार डॉलर दिले, शिवाय संगीताच्या धंद्यात न शिरण्याचे वचन दिले; संगीतवाल्यांनी संगणकाच्या धंद्यापासून दूर राहण्याचे कबूल केले. रक्कम बरीच वर्षे गुप्त होती. त्या काळी संगणकाच्या अंगी ‘टूं-टूं’पलीकडे फारसा सूर नव्हता, त्यामुळे ही वाटणी दोघांनाही स्वस्तात पटली असणार.

पुढे संगणक वाद्यांशी जोडला जाऊ लागला, त्यावर सूर मुद्रित होऊ लागले. १९८९ मध्ये पुन्हा दावा झाला आणि १९९१ च्या तडजोडीत धाकट्या कंपनीला २ कोटी ६५ लाख डॉलर मोजावे लागले. याच सुमाराचा एक किस्सा प्रसिद्ध आहे. संगणकातील छोट्या ध्वनींची नावे संगीताशी संबंधित वाटतात, म्हणून कंपनीचे वकील हरकत घेत. तेव्हा जिम रीक्स या ध्वनिरचनाकाराने एका ध्वनीचे नाव ‘सोसुमी’ ठेवले आणि हा संगीताशी संबंध नसलेला जपानी शब्द आहे, असे सांगून टाकले. इंग्रजीत तो उच्चारला की त्याचा अर्थ ‘मग करा माझ्यावर दावा’ असा होतो.

१९९१ च्या कराराची शब्दरचना येथे महत्त्वाची आहे. गाणे वाजविणारी वा पोहोचविणारी साधने व सेवा यांवर संगणक कंपनीला आपले चिन्ह वापरता येणार होते. मात्र आधीच मुद्रित केलेले संगीत तबकडीसारख्या वस्तूच्या रूपात विकताना ते वापरण्यास मनाई होती. गाणे वस्तूशिवाय, तारेतून विकले जाईल तेव्हा काय, याचे स्पष्ट उत्तर त्यात नव्हते. एप्रिल २००३ मध्ये आयट्यून्सचे दुकान उघडले आणि सप्टेंबरमध्ये तिसरा दावा दाखल झाला.

लंडनच्या उच्च न्यायालयात मार्च २००६ मध्ये न्यायमूर्ती मान यांच्यापुढे सुनावणी सुरू झाली. आपल्याकडे आयपॉड आहे, हे न्यायमूर्तींनी आधीच उघड केले होते. संगणक कंपनीच्या वकिलांनी इंग्लिश न्यायालयांतील एका जुन्या वाक्प्रचाराचा आधार घेतला : घाईत असलेल्या मूर्खाचाही या दोन सफरचंदांत गोंधळ होणार नाही! ८ मे रोजी निकाल संगणक कंपनीच्या बाजूने लागला. दुकानाच्या पाटीवरील चिन्ह दुकानाची ओळख सांगते, आतील गाणे कोणी निर्माण केले ते सांगत नाही, असा त्याचा आशय होता. तर्क बिनतोड असला, तरी १९८१ मध्ये सही करणाऱ्यांना हा अर्थ अभिप्रेत असेल, असे वाटत नाही.

भारतीय न्यायालयांची कसोटी थोडी वेगळी आहे. ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ या दोन औषधांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये साधारण बुद्धीचा आणि अपुऱ्या स्मरणाचा ग्राहक डोळ्यांपुढे ठेवला. दोन्ही नावे फसगत होण्याइतकी सारखी ठरली; पण अमृतधारावाल्यांनी दीर्घकाळ मौन बाळगल्याने लक्ष्मणधारेला उत्तर प्रदेशापुरती मुभा मिळाली. पुण्याच्या कॅम्पात १९९२ पासून चालणाऱ्या ‘बर्गर किंग’ या उपाहारगृहाचा अमेरिकी कंपनीशी चाललेला वादही या जातीचा. २०११ मधील हा दावा पुण्याच्या न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये फेटाळला. अमेरिकी कंपनीने त्या नावाने भारतात पहिले दुकान उघडले ते २०१४ मध्ये, ही बाब उपाहारगृहाच्या पथ्यावर पडली. डिसेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अपिलाचा निर्णय होईपर्यंत नाव वापरण्यास मनाई केली. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मनाईला स्थगिती दिली.

लंडनमधील पराभवानंतर बीटल्सच्या कंपनीने अपिलाची तयारी दाखवली. पण ५ फेब्रुवारी २००७ रोजी नवाच करार जाहीर झाला. ‘अ‍ॅपल’ नावाचे सर्व हक्क संगणक कंपनीकडे गेले आणि त्यांतील काही तिने बीटल्सना परवान्याने वापरायला दिले. ज्याने आधी नाव घेतले, तोच भाडेकरू झाला. धाकट्या कंपनीने महिन्यापूर्वीच आपल्या नावातून ‘कॉम्प्युटर’ हा शब्द वगळला होता. १६ नोव्हेंबर २०१० रोजी बीटल्सची गाणी आयट्यून्सवर आली.

विकत घेतलेल्या हक्काचा खरा उपयोग पुढे झाला. २०१५ मध्ये ‘अ‍ॅपल म्युझिक’च्या नोंदणीसाठी अर्ज झाला, तेव्हा १९८५ पासून ‘अ‍ॅपल जॅझ’ या नावाने कार्यक्रम करणाऱ्या अमेरिकेतील एका वादकाने हरकत घेतली. बीटल्सच्या तबकड्या १९६८ च्या, सबब आपला हक्क जुना, असा कंपनीचा दावा नोंदणी मंडळाने मान्य केला. एप्रिल २०२३ मध्ये अपील न्यायालयाने मात्र तो फेटाळला. तबकड्या विकण्याचा जुना हक्क प्रत्यक्ष मैफलींसाठी लावता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले आणि तो अर्ज निकाली निघाला.