दांडीच्या वाटेवर झोळीत काय होतं?

अंबडमध्ये बसून समुद्राच्या वाटेबद्दल बोलायचं म्हणजे जरा धाडसच. आपली देवी मत्स्योदरी, तिची टेकडी माशाच्या आकाराची. पण एवढा एक मासा सोडला तर समुद्राचं आपल्याकडे काही नाही. (हशा) तालुक्याच्या दक्षिणेला शहागडजवळून जाणारी गोदावरीसुद्धा कोकणाकडे पाठ फिरवून पूर्वेच्या समुद्राला मिळते. समुद्राची एकच वस्तू आपल्या घराघरात पिढ्यान्‌पिढ्या येत राहिली, ती म्हणजे मीठ. लमाणांचे तांडे ते बैलांच्या पाठीवर लादून आणायचे. लवण वाहणारे ते लमाण, अशी व्युत्पत्तीही सांगतात.

हल्ली कोकणात किनाऱ्यानं चालायच्या मोहिमा निघतात आणि त्यांच्या सामानाच्या याद्या आपल्या सगळ्यांच्या मोबाईलवर येतात. टोपी, लवकर वाळणारे कपडे, पाण्याच्या बाटल्या, वाळूत चालतील अशा सँडल. यादी चांगलीच आहे. आज आपण तिच्याशेजारी दुसरी एक यादी ठेवून बघू. मिठासाठी समुद्राकडे चालत गेलेल्या माणसांची, 1930 सालची.

तारखा तुम्हाला पाठ असतील. 12 मार्चला सकाळी साबरमती आश्रमातून निघाले, 5 एप्रिलला दांडीला पोचले, 6 तारखेला मीठ उचललं. अंतर सुमारे 385 किलोमीटर. निघतानाची यादी 78 जणांची. गांधीजींना तेव्हा एकसष्टावं वर्ष चालू होतं. या यादीत महाराष्ट्रातले 13 जण होते. त्यांतले एक पंडित नारायण मोरेश्वर खरे, मूळचे तासगावचे, विष्णू दिगंबर पलुस्करांचे शिष्य आणि आश्रमातले गायक. त्यांचं नाव थांबून घ्यायला हवं. निघण्याच्या थोडंच आधी आश्रमात देवीची साथ आली होती आणि त्यात त्यांचा मुलगा गेला होता. तरी ते चालायला निघाले आणि वाटेवरची प्रार्थना त्यांनीच सांभाळली. झोळीतल्या सामानाचा हिशेब करताना हेही ओझं मोजायला पाहिजे.

आता अंगावर काय? खादीचं धोतर किंवा लुंगी, सदरा, डोक्यावर पांढरी टोपी. मार्चअखेरच्या गुजरातच्या उन्हात हा पोशाख शहाणपणाचाच होता. आपल्या शेतकऱ्याला ते सांगायला नको. गांधीजी स्वतः 1921 पासून आखूड धोतरावर आले होते. त्यांच्या हातात बांबूची काठी. प्रत्येकाच्या खांद्याला एक झोळी. तिच्यात अंथरूण, कपड्यांचा एक जादा जोड, सूत कातायची टकळी, रोजनिशीची वही आणि पाण्याचा पेला. झालं, संपली यादी. आपण मराठीत टकळी म्हटलं की तोंडाची टकळी आधी आठवते. इथं ती हाताची होती, रोज चालवायची होती. आणि रोजनिशीसुद्धा रोज लिहायची. दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर चालून आल्यावर, बरं का!

किनाऱ्याजवळच्या वाटेचा खरा कस लागला तो मही नदीवर. खंभातच्या आखाताची भरती त्या पात्रात आत शिरते. 19 मार्चच्या रात्री कंकापुरा ते कारेली अशी नदी ओलांडली. काही अंतर होडीतून, बाकीचं गुडघाभर चिखलातून. अशा चिखलात वहाणा पायात राहत नाहीत, हातात घ्याव्या लागतात. तिथं हलकी झोळी हाच उपयोग.

यादीत शिधा दिसत नाही. खाणं गावोगावच्या लोकांनी द्यायचं होतं. पण काय द्यायचं ते गांधीजींनी आधीच छापून कळवलं होतं. सकाळी राब आणि ढेबरं. म्हणजे आपल्याकडची आंबील आणि धपाटे यांचे चुलतभाऊ समजा. दुपारी भाखरी, भाजी, दूध नाहीतर ताक. रात्री खिचडी. भाजी नुसती उकडलेली, तेल-मसाला-मिरची नाही. तूप दिवसाला माणशी तीन तोळ्यांच्या वर नको. गोडधोड केलंत तरी खाणार नाही. पान-सुपारी, चहा यांवर खर्च करू नका. अंथरूण ज्याचं तो आणेल, गावानं फक्त टेकायला स्वच्छ जागा द्यावी. आम्हाला हे पत्रक सगळ्या भाषणांपेक्षा महत्त्वाचं वाटतं. पाहुणा हलका असला की यजमान कर्जात जात नाही, हे खेड्याला लगेच कळतं.

पण कागदावरची यादी आणि रस्ता यांत फरक पडलाच. 29 मार्चला सुरत जिल्ह्यातल्या भाटगाम इथं गांधीजी उघड सभेत आपल्याच माणसांवर बरसले. दूध सुरतेहून मोटारीनं येत होतं. आणि रात्रीच्या वाटचालीत उजेडासाठी एक मजूर जड किट्सन बत्ती डोक्यावर घेऊन चालत होता. वरातीत डोक्यावर गॅसबत्ती धरून चालणाऱ्या बाया आपण पाहिल्या आहेत. नवरदेवाकडे सगळे बघतात, त्यांच्या मानेकडे कोणी बघत नाही. गांधीजींनी बघितलं. 2 मार्चच्या पत्रात त्यांनीच व्हाइसरॉयला सुनावलं होतं की तुम्हाला दिवसाला सातशे रुपयांवर मिळतात आणि इथल्या माणसाची सरासरी कमाई दोन आण्यांहून कमी. मग आपलं सामान दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवून ते पत्र लिहायचा हक्क उरतो का, असा तो सवाल होता.

हा सवाल आजच्या पदयात्रांनाही लागू आहे. आपल्याकडून पंढरीला जाणाऱ्या दिंड्यांमागे सामानाचा ट्रक असतो. त्यात वाईट काही नाही, म्हाताऱ्या माणसांना त्याशिवाय वारी घडणार नाही. किनाऱ्यावरच्या मोहिमांतही बॅगा गाडीनं पुढच्या मुक्कामी जातात. मात्र त्या चढवतो-उतरवतो कोण, आणि त्याला काय मिळतं, हे यादी करतानाच विचारायला काय हरकत आहे?

मे महिन्यात तळकोकणात शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला, तोवर गांधीजी अटकेत होते. 4 मेच्या मध्यरात्रीनंतर दांडीजवळच्या कराडी गावातल्या झोपडीतून पोलिसांनी त्यांना उचललं. निघण्याआधी त्यांनी दात घासायला वेळ मागून घेतला, आणि खरेशास्त्रींना भजन म्हणायला सांगितलं. खरेशास्त्रींनी म्हटलं. मग रेल्वेनं बोरिवली आणि तिथून मोटारीनं येरवडा.