सुटी आणि खाडा

महाविद्यालयाच्या फलकावर अचानक सुटीची सूचना लागली, की शिक्षककक्षात दोन तऱ्हेचे चेहरे दिसतात. आमच्यासारखे कायम सेवेतले अध्यापक मनातल्या मनात सुखावतात. तासिका तत्त्वावर शिकवणारे सहकारी मात्र बुडालेल्या तासांचा हिशेब मांडतात, कारण त्यांना मानधन मिळते ते प्रत्यक्ष घेतलेल्या तासांचे. आम्हाला जी सुटी, ती त्यांना खाडा. हा भेद नवा नाही. आपल्याकडील सुटीचा इतिहासच या दोन शब्दांच्या ओढाताणीचा इतिहास आहे.

प्रारंभ १८८१ या सालापासून करावा लागतो. त्या एका वर्षात सुटीचा उल्लेख असलेले दोन कायदे झाले. पहिला परक्राम्य संलेखांचा, म्हणजे हुंड्या व वचनचिठ्ठ्यांचा. हुंडीची मुदत सुटीच्या दिवशी भरत असेल तर काय करावे, एवढ्यासाठी त्याच्या २५व्या कलमात सार्वजनिक सुटीची तरतूद आली. राज्य शासन आजही दरवर्षी सार्वजनिक सुट्या जाहीर करते त्या याच कलमान्वये. दुसरा कारखान्यांचा कायदा. त्याने ७ ते १२ वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तासांची मर्यादा आणि महिन्याला चार सुट्या दिल्या. प्रौढ कामगारांना काहीच दिले नाही. कागदाच्या हुंडीला विसावा मिळाला, साच्यावर उभ्या राहणाऱ्या माणसाला मिळाला नाही.

या उणिवेवर बोट ठेवले ते नारायण मेघाजी लोखंडे यांनी. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते असलेल्या लोखंडे यांनी १८८० पासून मुंबईत ‘दीनबंधु’ पत्र चालवले. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन सरकारच्या आयोगापुढे ठेवले. मागण्या साध्या होत्या : दर रविवारी सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, मागील महिन्याचा पगार पुढल्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत, आणि अपघात झाल्यास भरपाई. रविवार हा साहेबाचा वार खरा. पण घाटावरून आणि कोकणातून आलेल्या गिरणकऱ्याला तो खंडोबाचा वार म्हणूनही ठाऊक होता, आणि लोखंडे यांनी या श्रद्धेचाही आधार घेतला असे सांगितले जाते.

या मागणीला विरोध केवळ मालकांचा नव्हता. कारखान्यांच्या कायद्यामागे लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचा दबाव होता, हे सत्यच होते. त्यामुळे बहुतेक राष्ट्रीय वृत्तपत्रांना तो देशी उद्योगावरचा घाला वाटला. परकीयांचा हेतू ओळखण्यात ती मंडळी चुकली नाहीत. मात्र देशी गिरणीतल्या देशी माणसाचा थकवा त्यांच्या हिशेबात आला नाही. लोखंडे यांचे वेगळेपण इथे आहे. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या शर्यतीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालक संघाने साप्ताहिक सुटी मान्य केली. पुढे १८९१ च्या कायद्याने कारखान्यांत साप्ताहिक सुटीचा नियम आला.

गोष्ट सहसा इथे संपवली जाते. आम्हीही वर्गात ती अनेक वर्षे इथेच संपवत आलो. वस्तुतः १८९१ च्या कायद्याने सुटी दिली, त्या दिवसाची मजुरी दिली नाही. रोजावर किंवा नगावर काम करणाऱ्याला रविवार हा विश्रांतीचा तसाच बिनमजुरीचा दिवस ठरला. शिमग्याला वा पेरणीला गावी जायचे तर पगार बुडवून, आणि आपल्या जागेवर बदली उभा करून. परतल्यावर ती जागा राहील की नाही, हे पुष्कळदा जॉबरच्या मर्जीवर ठरे.

सुटीला मजुरीची जोड कायद्याने मिळाली ती १९४५ च्या दुरुस्तीने : वर्षभर काम केलेल्या प्रौढ कामगाराला दहा दिवसांची पगारी रजा. १८९० पासून मोजले तर मध्ये ५५ वर्षे गेली. १९४८ च्या कायद्याने काम केलेल्या दर वीस दिवसांमागे एक दिवस असे प्रमाण ठरवले. मात्र त्यासाठी पुढे वर्षात २४० दिवस भरण्याची अट आली. २०२० च्या संहितेने ही अट १८० दिवसांवर आणली. अशा अटीचा काच सर्वाधिक कोणाला, हे सांगायला नको. ज्याला वर्षभर काम मिळण्याचीच शाश्वती नाही, त्या बदल्याला.

म्हणून लोखंडे यांनी रविवार मिळवून दिला, हे वाक्य आम्हाला आता अपुरे वाटते. त्यांनी विसाव्याचा हक्क मिळवून दिला. विसाव्याच्या दिवशीही चूल पेटली पाहिजे, हा त्यातला दुसरा अर्धा भाग पुढच्या पिढ्यांवर सोपवलेला होता. आमच्याच शिक्षककक्षात तो अजून अपुरा आहे, आणि आम्ही कायम सेवेतल्यांनी त्यासाठी साधे निवेदनही कधी लिहिलेले नाही. एकोणिसाव्या शतकातील कामगार चळवळ शिकवण्याचा तास एखाद्या वर्षी तासिका तत्त्वावरील सहकाऱ्याकडे जातो. तो तास सुटीत बुडाला, तर त्याचे मानधनही बुडते.