घरचा पडदा आणि दिव्याचें भय

आळेफाट्याहून नगरकडे जाणारा रस्ता घाट चढून पठारावर आला, कीं थोड्याच वेळांत आणे हें गांव लागतें. रंगदास स्वामींच्या यात्रेमुळें आणि त्या यात्रेंत मिळणाऱ्या आमटी-भाकरीच्या प्रसादामुळें या गांवाचें नांव दूरवर पोहोंचलें आहे. आमचे एक जुने विद्यार्थी तेथें शिक्षक आहेत; गांव त्यांस गुरुजी म्हणतें, आणि आम्हीही आतां तसेंच म्हणतों. गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत त्यांनीं चित्रपट दाखविण्याचा एक प्रोजेक्टर घरीं आणिला व तो माजघरांत कायमचा बसविण्याच्या वेळीं आम्हांस अगत्यानें बोलाविलें. घर जुन्या वळणाचें. वर लांकडी तुळया, त्यांवर माळवद, आणि समोरच्या भिंतीस नुकताच दिलेला पांढरा चुना. "सर, मधल्या तुळईला टांगूं ना?" असें गुरुजींनीं विचारिलें. आम्ही उत्तर देण्यापूर्वींच त्यांच्या मातोश्री कोपऱ्यांतून म्हणाल्या, "आमच्या वेळी मशीन तंबूच्या बाहेर गाडीवर असायचं. पोरं जवळ गेली की हाकलून द्यायचे. तुम्ही तर ते डोक्यावर टांगायला निघालात!"

सर्वजण हंसले, आणि आम्हीही हंसलों. परंतु मागाहून विचार करतां असें दिसून आलें, कीं त्या वृद्ध बाईंच्या एका वाक्यांत सव्वाशें वर्षांचा इतिहास सांठविलेला आहे. हें यंत्र माणसांपासून दूर कां ठेवीत, तें घरांत कोणत्या मार्गानें आलें, आणि येतांना कोणती जबाबदारी बरोबर घेऊन आलें, या तीन प्रश्नांचा येथें थोडक्यांत विचार करावयाचा आहे. विषय वरवर पाहतां सुताराचा व तारा जोडणाराचा वाटेल. पण तो तेवढाच नाहीं.

पडद्यावर चित्र पाडण्याची कला महाराष्ट्रास चित्रपटापूर्वींच परिचित होती. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनीं १८९२ च्या सुमारास 'शांबरिक खरोलिका' या नांवानें कांचेवर रंगविलेल्या चित्रांचे खेळ सुरू केले, आणि त्यांच्या मुलांनीं ते पुढें चालविले. शंबर हा पुराणांतील मायावी असुर. त्याच्या नांवावरून हें नांव घडविलें. अशा कंदिलांत कांच तापली तर तडकते, तेल सांडलें तर पेटतें; परंतु चित्र स्वतः जळत नाहीं. धोका दिव्याचा होता, चित्राचा नव्हता. हा भेद वाचकांनीं ध्यानांत ठेवावा, कारण पुढील सर्व अनर्थ तो नाहींसा झाल्यामुळें घडले.

७ जुलै १८९६ रोजीं मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत ल्युमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा पहिला खेळ एक रुपया दरानें झाला. त्यानंतर वर्ष भरण्याच्या आंतच, ४ मे १८९७ रोजीं, पॅरिस येथें धर्मार्थ भरविलेल्या एका बाजारांत अशाच खेळाच्या वेळीं भयंकर आग लागली. तेथील प्रोजेक्टरचा दिवा ईथर व प्राणवायु यांवर चालत असे. दिव्यांत ईथर भरीत असतां अंधार म्हणून कोणीं काडी ओढली. वाफेनें पेट घेतला, आणि लांकूड व रंगविलेलें कापड यांनीं उभारिलेला तो सारा मांडव कांहीं मिनिटांत भस्म झाला. सुमारें सव्वाशें माणसें मेलीं, त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. ही आग दिव्यानें लावली, हें खरें. परंतु माणसें मेलीं तीं मांडव जळाऊ होता आणि बाहेर पडण्याच्या वाटा अपुऱ्या होत्या म्हणून, हेंही तितकेंच खरें.

आतां फिल्मचा विचार करूं. त्या काळची फिल्म नायट्रेटची, म्हणजे कापसावर नत्राम्लाची क्रिया करून बनविलेल्या पदार्थाची असे. बंदुकीचा कापूस म्हणून जो स्फोटक पदार्थ प्रसिद्ध आहे, त्याचीच ही सौम्य बहीण. तिला जळण्यास बाहेरच्या हवेची गरज नाहीं, कारण लागणारा प्राणवायु तिच्या अंगांतच असतो. म्हणून एकदां पेटली कीं पाण्यांत बुडविली तरी ती जळत राहते, आणि तिचा धूर विषारी असतो. अशी ही फिल्म प्रखर दिव्यासमोरून क्षणोक्षणीं थांबत थांबत सरकावयाची. ती सरकत आहे तोंवर ठीक. अडकली, कीं कांहीं सेकंदांत तिच्यावर डाग पडतो, फोड येतो आणि ज्वाला निघते. दिवा आणि चित्र हे दोघेही येथें आगीचे सोबती झाले.

आपल्या चित्रपटाचा जन्मही अशाच धोक्याच्या सान्निध्यांत, आणि तोही एका घरांत झाला, हें पुष्कळांस ठाऊक नसेल. दादासाहेब फाळके यांनीं १९१० च्या सुमारास मुंबईंत ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला आणि त्यांस या विद्येचा ध्यास लागला. त्यांनीं लहानसा कॅमेरा व कांहीं रिळें मिळविलीं. रात्रीं मेणबत्तीचा प्रकाश भिंगांतून नेऊन ते घरच्या भिंतीवर चित्रें पाडीत आणि रोज चार-पांच तास तीं न्याहाळीत बसत. त्या जागरणांचा परिणाम असा झाला, कीं त्यांची दृष्टि कांहीं काळ जवळजवळ गेली. डॉ. प्रभाकर या नेत्रवैद्यांच्या उपचारांनीं व चष्म्यांच्या साहाय्यानें ती परत आली, म्हणून पुढें वाटाण्याच्या रोपाची वाढ दाखविणारी छोटी फिल्म आणि १९१३ सालीं 'राजा हरिश्चंद्र' हीं निर्माण होऊं शकलीं. फाळक्यांच्या ध्यासाचें कौतुक सर्वांनीं केलें आहे, व तें योग्यच आहे. तथापि मेणबत्तीच्या ज्योतीजवळ रीळ घेऊन बसलेला तो गृहस्थ डोळ्यांसमोर आणिला, म्हणजे त्यांत आम्हांस दोन इशारे दिसतात: एक ज्योतीचा आणि दुसरा डोळ्यांचा. घरच्या पडद्याचे हेच दोन जुने शत्रु होत, आणि दोघांपैकीं एकही अद्याप पुरता हटलेला नाहीं.

सार्वजनिक खेळांच्या बाबतींत सरकारनें हात घातला. इंग्लंडांत १९०९ चा कायदा झाला, आणि यंत्राची खोली प्रेक्षकांपासून वेगळी व न जळणारी असावी असा दंडक पडला. हिंदुस्थानांत १९१८ चा सिनेमॅटोग्राफ कायदा आला. त्याची आठवण लोक परिनिरीक्षणासाठीं, म्हणजे कोणतें चित्र दाखवावें व कोणतें नाहीं याच्या निर्णयासाठीं, ठेवितात. पण त्याचा दुसरा अर्धा भाग प्रेक्षकांच्या जिवासंबंधीं होता. परवान्यावांचून खेळ करूं नये, आणि सुरक्षिततेची पुरेशी तजवीज झाल्याची खात्री पटल्याखेरीज अधिकाऱ्यानें परवाना देऊं नये, असें त्यांत सांगितलें होतें. १९५२ च्या कायद्यानेंही हें तत्त्व कायम ठेविलें. गुरुजींच्या मातोश्रींनीं पाहिलेला, तंबूबाहेर गाडीवर चढविलेला प्रोजेक्टर म्हणजे त्याच तत्त्वाचें जत्रेंतलें रूप होय. यंत्र आणि माणूस यांच्यामध्यें एक भिंत हवी, एवढाच त्याचा सारांश.

ही भिंत जेथें नव्हती तेथें काय होई, याचें उदाहरण आयर्लंडमधील ड्रमकॉलोहर या खेड्यानें दिलें. ५ सप्टेंबर १९२६ रोजीं तेथें एका इमारतीच्या माडीवर हौसेनें खेळ ठेविला होता. फिल्म धातूच्या डब्यांत नव्हती. टेबलावर मेणबत्ती जळत होती. फिल्म पेटली, आणि चढण्या-उतरण्याचा मार्ग आगीपलीकडे राहिल्यामुळें ४८ माणसें गेलीं. खेडें लहान, हेतु निर्मळ, आणि दोष कोणाच्या दुष्टपणाचा नव्हे, केवळ घरगुतीपणाचा. 'आपलींच माणसें आहेत, आपलीच जागा आहे, काय होतें' या समजुतीनें माणूस जितका फसतो तितका परक्या जागेंत फसत नाहीं.

मग प्रोजेक्टर घरांत आला कसा? घरांत यंत्राची वेगळी खोली बांधणें शक्य नव्हतें. तेव्हां शास्त्रज्ञांनीं भिंत बांधण्याऐवजीं फिल्मच बदलली. सहज पेट न घेणारी अॅसिटेटची फिल्म निघाली. फ्रान्समधील पाथे कंपनीनें १९१२ सालीं २८ मिलिमीटर रुंदीची व १९२२ सालीं साडेनऊ मिलिमीटरची घरगुती फिल्म विकावयास काढिली. १९२३ सालीं कोडॅकनें १६ मिलिमीटरची काढिली. या १६ आंकड्यांत एक शहाणपण दडलेलें आहे. थिएटरांतील नायट्रेट फिल्म ३५ मिलिमीटर रुंद असे. ती कोणीं मधोमध चिरली तर साडेसतरा मिलिमीटरची पट्टी निघते, आणि ती १६ च्या यंत्रांत बसत नाहीं. मनुष्य काटकसरीपायीं काय करील हें ओळखून त्याची वाट मापानेंच बंद करून टाकिली. सुरक्षितता उपदेशावर न सोंपवितां वस्तूच्या घडणींतच घालणें, याचें याहून चांगलें उदाहरण आम्हांस आठवत नाहीं.

थिएटरांतील नायट्रेट मात्र १९५१ च्या सुमारापर्यंत तयार होत राहिली, आणि तिचा कोप त्यानंतरही संपला नाहीं. ८ जानेवारी २००३ रोजीं पुण्यांत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या जुन्या नायट्रेट फिल्म जेथें ठेविल्या होत्या तेथें आग लागून आपल्या आद्य चित्रपटांचा मोठा ठेवा नष्ट झाला. पण फिल्म नसली म्हणजे भय संपलें, असेंही नाहीं. १३ जून १९९७ रोजीं दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहांत ५९ माणसें गुदमरून मेलीं. तेथें आग फिल्मनें लावली नाहीं, विजेच्या ट्रान्सफॉर्मरनें लावली. आणि माणसें अडलीं तीं पॅरिसप्रमाणेंच, वाटा मोकळ्या नव्हत्या म्हणून. शंभर वर्षांत आगीचें कारण बदललें. मरणाचें कारण बदललें नाहीं.

आजच्या घरगुती प्रोजेक्टरांत फिल्मही नाहीं आणि ज्योतही नाहीं. तथापि जुने दोन्ही शत्रु वेष पालटून त्यांत बसलेले आहेत. कांहीं यंत्रांत पाऱ्याच्या वाफेचा दिवा असतो. तापल्यावर त्याच्या आंतील दाब हवेच्या दाबाच्या सुमारें दोनशें पट होतो. म्हणून खेळ संपतांच बटन दाबावें, पण आंतील पंखा थांबेपर्यंत वीज तोडूं नये. आणि दिवा पुरता निवाल्याखेरीज त्यास हात लावूं नये. नव्या यंत्रांत एलईडी किंवा लेसर असतो. तेथें ज्योतीचें भय कमी, पण डोळ्यांचें अधिक. चालू यंत्राच्या भिंगांत जवळून पाहणें कोणाच्याही हिताचें नाहीं, आणि मुलें तर तेथेंच पाहतात. फाळक्यांच्या डोळ्यांची गोष्ट अशा घरीं एकदां तरी सांगावी.

असो. आणे येथील माजघरांत शेवटीं काय ठरलें, तें सांगून हा लेख पुरा करितों. मधली तुळई टोंचून पाहिली तेव्हां ती वाळवीनें पोखरलेली निघाली. म्हणून शेजारची भक्कम तुळई निवडून तिच्यांतून आरपार बोल्ट घातला, आणि तो निसटलाच तर यंत्र कोणाच्या डोक्यावर येऊं नये म्हणून एक वेगळी सांखळीही बांधिली. माळवदाची माती झडते, तेव्हां यंत्राच्या वर फळी ठोकली, पण हवा खेळावी म्हणून वीतभर अंतर राखून. उंची अशी धरिली, कीं उभ्या माणसाच्याही डोळ्यांत झोत जाऊं नये. सतरंजीखालून वायर नेण्याचा बेत होता, तो मोडून भिंतीवरून नळींतून वायर आणविली. अर्थिंग तपासून घेतलें. आणि गळती होतांच वीज तोडणारी कळ बसविली. पठारावर वळवाच्या पावसाबरोबर विजा कडाडतात, तेव्हां आभाळ भरून येतांच प्लग काढावयाचा, हा नियम गुरुजींनीं आपण होऊनच केला.

एवढें झाल्यावर मागच्या दारापाशीं रचलेलीं धान्याचीं पोतीं हलवावयास आम्हीं सांगितलें. गुरुजी म्हणाले, "सर, पोत्यांचा आणि प्रोजेक्टरचा काय संबंध?" आम्हीं त्यांस पॅरिस, ड्रमकॉलोहर आणि दिल्ली या तिहींची हकीकत सांगितली. पोतीं हललीं. कायद्यानें जी दक्षता थिएटरच्या मालकावर लादली, ती घरांत कोणी लादीत नाहीं. तेथें परवाना मागावयास अधिकारी येत नाहीं. तेव्हां पडदा घरीं आणणाऱ्यानें तो अधिकारीही आपल्याच ठिकाणीं नेमिला पाहिजे. त्या रात्रीं वीस-पंचवीस शेजारी माजघरांत दाटीवाटीनें बसले होते. खेळ सुरू होण्यापूर्वीं गुरुजींच्या मातोश्री उठल्या, मागचें दार त्यांनीं सताड उघडलें, आणि मग पुढें येऊन बसल्या.