मेणाची त्वचा, यंत्राची नजर

हृदयाचे ठोके ऐकायला नळी लागते, हाड पाहायला क्ष-किरण लागतात. त्वचेचे तसे नाही. तिचा आजार उघड्यावर, सर्वांसमोर मांडलेला असतो. तरीही त्वचारोग ओळखणे हे वैद्यकातले एक अवघड काम समजले जाते. इसब, गजकर्ण, खरूज, शिबे, कोड असे शब्द आपल्या भाषेत पूर्वीपासून आहेत. पण समोरचा चट्टा यांपैकी कोणता, हे सांगताना भलेभले अडखळतात. दिसणे आणि ओळखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यावरून ध्यानात येते. मग ओळखणारी नजर घडवायची कशी? गेली सव्वादोनशे वर्षे वैद्यकशास्त्र या प्रश्नाशी झगडत आहे आणि आता हाच प्रश्न संगणकापुढे येऊन ठेपला आहे.

आधी वर्णमाला

अठराव्या शतकात त्वचारोगांच्या नावांचा नुसता गोंधळ होता. एकाच रोगाला चार नावे, एकाच नावाखाली चार रोग. १७७६ साली व्हिएन्नात जोसेफ प्लेंक याने त्वचारोगांचे चौदा वर्ग पाडले. त्याच्या पुढे पाऊल टाकले लंडनच्या रॉबर्ट विलन या वैद्याने. रोगाचे कारण काय, या त्या काळी न सुटणाऱ्या वादात तो शिरला नाही. डोळ्यांना नेमके काय दिसते, एवढेच त्याने विचारले. पुळी आहे की पाण्याचा फोड? पू आहे की खपली? सपाट डाग आहे की गाठ? अशा आठ मूळ खुणांवर त्याने सारी मांडणी उभी केली आणि रंगीत चित्रांसह १८०८ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. ही त्वचारोगांची वर्णमालाच म्हणायची. आजचा विद्यार्थीही बव्हंशी तीच गिरवतो.

पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयातील आलिबेर याचा मार्ग वेगळा होता. १८२९ साली त्याने त्वचारोगांचा एक वृक्ष रेखाटला: फांद्या म्हणजे रोगांची कुळे, डहाळ्या म्हणजे रोग. चित्र मोठे देखणे होते. पण रोग ओळखायला विलनची साधी वर्णमालाच अधिक उपयोगी ठरली. नेमके निरीक्षण ही भव्य सिद्धान्ताहून टिकाऊ वस्तू असते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

मेणाचे वर्ग

चित्राला एक मर्यादा असते. त्यात उंचसखलपणा दिसत नाही. सेंट लुईतील लायेर या डॉक्टरांना ही उणीव जाणवत होती. पॅरिसमधल्या एका दुकानात त्यांना कागदाच्या लगद्याची फळे दिसली. ती इतकी हुबेहूब होती की हात लावल्याशिवाय खोटी वाटू नयेत. ती घडवणारा कारागीर होता ज्यूल बारेत्ता. लायेर यांनी त्याला रुग्णालयात आणले आणि १८६७ पासून त्याच्या मेणाच्या प्रतिकृती तयार होऊ लागल्या. रुग्णाच्या त्वचेवरून प्लास्टरचा साचा घ्यायचा, त्यात मेण ओतायचे आणि रुग्णाला शेजारी बसवून रंग भरायचे, अशी ही रीत. आपल्या कृतीतले बारकावे बारेत्ताने कोणालाच सांगितले नाहीत.

१८८९ साली त्वचारोगांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद पॅरिसला भरली, ती या प्रतिकृतींच्या नव्या संग्रहालयातच. आज तेथे सुमारे ४,८०० प्रतिकृती आहेत. त्यांतले कित्येक रोग आता क्वचितच दिसतात, त्यामुळे त्या इतिहासाचाही ठेवा झाल्या आहेत. परंतु मेण वितळते, तडकते आणि सहजासहजी प्रवास करत नाही. शिकायचे असेल तर पॅरिस गाठणे भाग होते. पुढे रंगीत छायाचित्रण आले आणि ही कला मागे पडली.

हाताचे शिक्षण

नजरेइतकाच हातही घडवावा लागतो. सुश्रुतसंहितेत यासाठी एक स्वतंत्र अध्याय आहे. छेद घेण्याचा सराव कोहळा, दुध्या, कलिंगड, काकडी यांवर करावा. खरवडण्याचा सराव केसाळ ताणलेल्या चामड्यावर. शीर वेधण्याचा सराव मेलेल्या जनावरांच्या शिरांवर आणि कमळाच्या देठांवर. शिवण्याचा सराव कापडावर. कितीही ग्रंथ वाचले तरी असा सराव नसलेला विद्यार्थी शस्त्रकर्माला अपात्रच, असे ती संहिता बजावते. आजचे विद्यार्थी डुकराच्या कातडीवर टाके घालायला शिकतात, ते याच न्यायाने.

मेणाचा आणि त्वचेचा एक जुना संबंध पुण्याशीही आहे. इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठी माणूस १७९२ च्या युद्धात टिपूच्या हाती लागला आणि त्याचे नाक कापले गेले. पुढच्या वर्षी पुण्याजवळ विटा घडवणाऱ्या जातीतील एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले. त्याने मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या खुंटावर बसवून हवा तो आकार केला, तो सपाट करून कपाळावर ठेवला, कडेने रेघ आखली आणि तेवढी त्वचा सोडवून खाली वळवली. दोन भुवयांमधला देठ मात्र त्याने तुटू दिला नाही. रक्तपुरवठा तेथूनच होत होता. १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये हा वृत्तान्त लंडनच्या एका मासिकात छापून आला. तो वाचून जोसेफ कार्प्यू या शल्यवैद्याने मृतदेहांवर सराव केला आणि १८१४ साली ही शस्त्रक्रिया लंडनमध्ये यशस्वी केली. कावसजीचे नाव इतिहासात राहिले. ज्याच्या हाताने ते नाक घडले त्याचे नाव त्या वृत्तान्तात नाही. पिढ्यान्‌पिढ्या हातातून हातात जाणाऱ्या विद्येच्या वाट्याला बहुधा हेच येते.

विसाव्या शतकात हात आणि नजर यांची गाठ घातली अमेरिकेतील विस्कॉन्सिनच्या फ्रेडरिक मोह्स यांनी. खनिजांच्या काठिण्याची श्रेणी देणारा मोह्स तो हा नव्हे. १९३० च्या दशकात त्यांनी त्वचेच्या कर्करोगासाठी नवी पद्धत बसवली. गाठीचा पातळ थर कापायचा, त्याचा नकाशा काढायचा, सूक्ष्मदर्शकाखाली त्याची पूर्ण कड तपासायची आणि जेथे रोग उरला असेल तेथेच पुन्हा कापायचे. निरोगी त्वचा जास्तीत जास्त वाचवायची, ही त्यामागची काटकसर. नाकाच्या शेंड्यावर किंवा पापणीवर दोन मिलिमीटर वाचले तरी रुग्णाला केवढा फरक पडतो!

यंत्र शाळेत जाते

२०१७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी 'नेचर' या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. २,०३२ रोगांची १,२९,४५० छायाचित्रे दाखवून त्यांनी संगणकाला शिकवले होते. विलनसारखे नियम त्याला सांगितले नव्हते. चित्र दाखवायचे, उत्तर विचारायचे आणि चूक झाली की आतल्या आकड्यांत किंचित फेरफार करायचा, हे लाखो वेळा. कर्करोगाची गाठ आणि निरुपद्रवी गाठ यांतला फरक सांगण्यात हे यंत्र २१ त्वचारोगतज्ज्ञांच्या बरोबरीचे ठरले.

पण यंत्र नेमके काय शिकले? त्याच गटातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये एक मजेशीर आणि तितकीच गंभीर गोष्ट नोंदवली. छायाचित्रात मोजपट्टी असेल तर यंत्र गाठीला कर्करोग म्हणण्याची शक्यता वाढत होती! डॉक्टर संशयास्पद गाठीशेजारीच पट्टी ठेवतात. यंत्राने गाठीऐवजी पट्टी हेरली. धड्याखालची चित्रे पाहून उत्तर देणारा आणि अक्षरे न वाचणारा मुलगा आपल्या वर्गातही असतोच.

दुसरी उणीव अधिक खोल आहे आणि ती आपल्याशी निगडित आहे. त्वचेच्या रंगांची जी श्रेणी जगभर वापरली जाते, ती थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ साली गोऱ्या त्वचेसाठी केली होती; सावळ्या व काळ्या त्वचेचे प्रकार तिला नंतर जोडले गेले. पाठ्यपुस्तकांतही बहुतेक चित्रे गोऱ्या त्वचेचीच. जो दाह तेथे लाल दिसतो, तो सावळ्या त्वचेवर जांभळट किंवा नुसताच काळपट दिसतो. यंत्राने हीच पुस्तके वाचली म्हणावयाची. २०२२ मध्ये ६५६ छायाचित्रांचा एक निवडक संच वापरून काही यंत्रप्रणाली तपासल्या, तेव्हा काळसर त्वचेवर त्यांची कामगिरी घसरलेली आढळली. मात्र विविध रंगांच्या त्वचेची चित्रे दाखवून पुन्हा शिकवल्यावर ही दरी भरूनही निघाली. म्हणजे दोष गणिताचा नव्हता, चित्रसंग्रहाचा होता.

काटकसरीचा हिशेब

बारेत्ताची प्रतिकृती पाहायला माणसाला पॅरिसला जावे लागे. आता छायाचित्र तज्ज्ञाकडे जाते आणि रुग्णाचा एसटीचा खर्च, बुडालेली मजुरी वाचते. उत्तर बरोबर असेल तर एखादा अनावश्यक छेद आणि त्याबरोबर फेकली जाणारी प्लॅस्टिकची साधनेही वाचतात. दुसऱ्या बाजूला, यंत्र शिकवायला आणि चालवायला वीज लागते, आणि चुकीच्या धोक्याच्या इशाऱ्यामुळे नको ते छेदही घेतले जातात. जमाखर्च दोन्ही बाजूंनी मांडल्याशिवाय बचत झाली असे म्हणता येणार नाही.

शेवटी एक गोष्ट शिक्षकांसाठी. मुलांच्या गालावरचे फिकट चट्टे बहुतेक वेळा निरुपद्रवी असतात. पण फिकट चट्ट्यावर कापसाचा स्पर्श जाणवत नसेल तर तो कुष्ठरोग असू शकतो. तो औषधाने पूर्ण बरा होतो, आणि वेळीच ओळखला तर हातापायांना येणारे व्यंगही टळते. ही संवेदना छायाचित्रात उतरत नाही. तिथे कापूस, तो धरणारा हात आणि 'लागतंय का रे?' असे विचारणारे माणूस लागते. असा चट्टा दिसला तर वर्गासमोर त्याची चर्चा न करता पालकांना बोलवावे आणि मुलाला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. आपल्या मुलांच्या त्वचेची चांगली छायाचित्रे संग्रहात जातील तेव्हा यंत्रे सुधारतील. तोवर, आणि त्यानंतरही, रोज चाळीस चेहरे पाहणाऱ्या शिक्षकाच्या नजरेचे मोल कमी होणार नाही.