पोस्टमनची बदली आणि मागे राहिलेली वर्षं

आपल्या धंद्यात ट्रान्सफर म्हणजे काय? मॅनेजरला एक मेल, एचआरचा एक फॉर्म, आणि सोमवारी हिंजवडीऐवजी बंगलोरच्या क्युबिकलमध्ये हजर. एम्प्लॉयी आयडी तोच, डेझिग्नेशन तेच. कोणी एम.टेक. करायला दुसऱ्या शहरात निघाला तर चांगला मॅनेजर तिथल्या ऑफिसात जागासुद्धा बघून देतो. त्यामुळे 'बदली मिळाली, पण नोकरीची वर्षं इथेच ठेवून जा' असं कोणी म्हणालं तर आपल्याला ते विनोदी वाटेल.

अमेरिकेत घरोघर पार्सलं पोचवणारी यूपीएस नावाची कंपनी आहे. तिथल्या कामगारांची टीमस्टर्स ही युनियन जबरदस्त. १९९७ मध्ये सुमारे १ लाख ८५ हजार लोकांनी १५ दिवस संप केला होता, आणि त्यात मुख्य प्रश्न अर्धवेळ कामगारांचा होता. या अर्धवेळवाल्यांत कॉलेजची पोरं बरीच. म्हणून शिक्षणासाठी दुसऱ्या राज्यात जायचं असेल तर तिथल्या केंद्रात बदली मागण्याची सोय त्यांच्या करारांमध्ये आहे. फक्त नव्या ठिकाणी कामाची पाळी निवडायची वेळ आली की हा रांगेत सगळ्यांच्या मागे!

हे वाचलं आणि मला आपलं पोस्ट आठवलं. घरोघर वाटपाचं काम, पक्की युनियन आणि बदलीचा कायदा, हे तिन्ही एकत्र आपल्याकडे दीडशे वर्षांची परंपरा असलेल्या त्या एकाच खात्यात सापडतात. उदाहरणाला नगर जिल्हा घेऊ (२०२४ पासून अधिकृत नाव अहिल्यानगर, पण तोंडात नगरच बसलंय).

पोस्टात 'नियम ३८' नावाचं एक प्रकरण आहे. पोस्ट आणि तार खात्याच्या मॅन्युअलच्या चौथ्या खंडातला हा नियम. स्वतःच्या विनंतीवरून दुसरीकडे बदली हवी असेल तर मिळू शकते, पण नव्या ठिकाणच्या ज्येष्ठता यादीत तुमचं नाव सगळ्यांच्या खाली लागतं. दहा वर्षं नोकरी झालेला माणूस काल चिकटलेल्या पोराच्याही खाली. पगार कमी होत नाही, पेन्शनची वर्षंही बुडत नाहीत. जातो तो नंबर. आणि बढती आधी कोणाला, माणसं जादा ठरली तर आधी कोणाला हलवायचं, हे सगळं त्या नंबरावर चालतं.

'नवं ठिकाण' म्हणजे किती लांब? इथे खरी गंमत आहे. पोस्टमनची ज्येष्ठता मोजतात ती विभागात, म्हणजे पोस्टल डिव्हिजनमध्ये. नगर जिल्ह्यात असे दोन विभाग आहेत, एक अहमदनगर आणि दुसरा श्रीरामपूर. म्हणजे नगरच्या पोस्टमनने श्रीरामपूरला बदली मागितली तर जिल्हा तोच, कलेक्टर तोच, एस.टी.ने दोनेक तासांचा प्रवास, आणि ज्येष्ठता गेली! तो पणजीला गेला तर राज्य बदलतं, पण सर्कल बदलत नाही, कारण गोवा पोस्टाच्या महाराष्ट्र सर्कलमध्येच येतो. ज्येष्ठता मात्र तिथेही जाते. बेळगावला गेला तर कर्नाटक सर्कल, म्हणजे दोन सर्कल ऑफिसांची परवानगी, आणि शेवटी निकाल तोच. पोस्टाच्या नकाशावर राज्याच्या सीमेला फारशी किंमतच नाही. सीमा आहे ती विभागाची.

मग युनियन काय करत होती, असं तुम्ही विचाराल. मलाही आधी तेच वाटलं. पण ही यादी युनियनच्या दृष्टीने शत्रू नव्हती, उलट कमाई होती. पोस्टमन आणि खालच्या वर्गातल्या कर्मचाऱ्यांची अखिल भारतीय युनियन ब्रिटिश काळातच उभी राहिली होती. ११ जुलै १९४६ ला तिने देशभर संप पुकारला तेव्हा तिचे अध्यक्ष होते मुंबईचे व्ही. जी. दळवी. संप तीन आठवड्यांहून जास्त चालला. पाठिंब्यासाठी २९ जुलैला अख्खं कलकत्ता बंद झालं. मागण्या पगाराच्या होत्या, आणि त्या काळात लवाद म्हणून नेमलेले न्यायमूर्तीही मराठीच, राजाध्यक्ष. अशा खात्यात खालच्या माणसाचा रोजचा धाक असतो तो साहेबाच्या मर्जीचा. आज खूश, उद्या नाराज. यादीत नंबर लिहिलेला असला की मर्जीला फारसा वाव उरत नाही. आता बाहेरून कोणी आला आणि दहा वर्षं घेऊन थेट मधे घुसला, तर खालचे पन्नास जण एकेक पायरी उतरणार. त्यांनी काय पाप केलं? म्हणून येणारा तळाला. मला हा नियम न्याय्य वाटतो, आणि तरीही शिकायला निघालेल्या पोराला तो महागात पडतो. दोन्ही खरं आहे.

कोर्टाने यात एक चांगला भेद केला. १९८३ मध्ये पोस्टात सोळा वर्षं नोकरी झाली की एक बढती देण्याची योजना आली. पुनर्वसन खात्यातून पोस्टात आलेल्या काही जणांना सांगण्यात आलं की तुमची आधीची वर्षं धरणार नाही. द्विजेन चंद्र सरकार या खटल्यात नव्वदच्या दशकाच्या शेवटी सुप्रीम कोर्टाने म्हटलं की ज्येष्ठता गेली तरी केलेली नोकरी पुसली जात नाही, सोळा वर्षं मोजताना ती धरावीच लागेल. म्हणजे रांगेतला नंबर वेगळा आणि घड्याळ वेगळं. आपल्या भाषेत, डेटा डिलीट झालेला नाही, फक्त सॉर्ट ऑर्डर बदलली :-)

हे झालं खात्याच्या पक्क्या पोस्टमनचं. अकोल्यातल्या किंवा जामखेडमधल्या एखाद्या खेड्यात टपाल वाटणारा बहुतेक वेळा पक्का नोकर नसतोच. तो ग्रामीण डाक सेवक. २००१ पर्यंत त्याला 'खात्याबाहेरचा एजंट' म्हणत. कल्पना इंग्रजांच्या काळातली. खेड्यात पूर्ण वेळ माणूस परवडत नाही, तर ज्याचं पोट दुसऱ्या धंद्यावर चालतं अशा कोणाला तरी रोज काही तास पोस्ट चालवायला द्यायचं. हा 'कोणीतरी' बऱ्याचदा गावातला शाळामास्तर असायचा. शाळा आणि पोस्ट एकाच माणसात!

त्याच कल्पनेमुळे तो गावाला बांधला गेला. गावातच राहायचं, बदलीचा प्रश्नच नाही. १९७७ मध्ये सुप्रीम कोर्टाने राजम्मा खटल्यात या लोकांची पदं सरकारी नागरी पदं आहेत असं ठरवलं. त्यांना मनमानीने काढता येईना, पण हलण्याची मुभा काही त्यातून आली नाही. बारावी झालेल्या, दिवसाला चार तास टपाल वाटणाऱ्या पोरीला पुण्यात बी.कॉम. करायचं असेल तर राजीनामा, दुसरं काही नाही.

२००६ मध्ये खात्याने पहिल्यांदा मर्यादित बदलीची सोय केली. कारणांची यादी दिली. पद रद्द झाल्यामुळे लांब पाठवलेला सेवक, अनुकंपेवर लांब नेमलेला, लग्न झालेली स्त्री, गंभीर आजार, घरातल्या अपंग माणसाची देखभाल. यादी वाचताना शेवटपर्यंत वाटत राहतं की आता येईल, आता येईल. शिक्षण त्यात नाही. लग्नासाठी मुलगी गाव बदलू शकत होती, कॉलेजसाठी नाही. ज्येष्ठता इथेही तळाला जाते, पण आधीची वर्षं खात्याच्या परीक्षेला बसण्याच्या पात्रतेसाठी धरतात, आणि ही गोष्ट लहान नाही. कारण डाक सेवकाला पक्का पोस्टमन व्हायचा रस्ता त्या परीक्षेतून जातो.

मे २०१८ मध्ये देशभरातले डाक सेवक सोळा दिवस संपावर गेले. मागणी होती कमलेश चंद्र समितीचा अहवाल लागू करा. जूनमध्ये मंत्रिमंडळाने सुधारित मोबदला मंजूर केला तेव्हा सरकारने लाभार्थींचा आकडा दिला ३.०७ लाख. बदलीचे नियमही त्यानंतर सैल होत गेले.

ज्यांना हे सगळं होईपर्यंत थांबणं शक्य नव्हतं त्यांनी कॉलेजलाच घरी बोलावलं. १९६२ मध्ये दिल्ली विद्यापीठाने पत्रद्वारा पदवी अभ्यासक्रम सुरू केला, १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ निघालं. पत्रद्वारा शिकणाऱ्याचे धडे अर्थातच टपालाने येत. शिकणारा जर गावचा पोस्टमनच असेल, तर स्वतःचं पाकीट त्याने स्वतःच्याच बीटवर काढायचं आणि संध्याकाळी उघडायचं.